कुऱ्हाडीला मनाई, फवाऱ्याला मोकळीक

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या डोंगरउतारावर झाड तोडायचं म्हटलं, तर २०१३ पासून मुंबई उच्च न्यायालयाची मनाई आड येते. ही मनाई वृक्षतोडीची आहे. झाडाखालचं रान, म्हणजे करवंदाच्या जाळी, कुडा, वेली, गवत आणि उद्या झाड होऊ पाहणारी रोपं औषध मारून जाळली, तर जमिनीवर एकही बुंधा उरत नाही. पंचनाम्याला बुंधा लागतो. काही वर्षांनी तिथे रबर किंवा अननस उभा राहिला की जंगल नेमकं कुठल्या दिवशी गेलं, ते कोणालाच सांगता येत नाही.

सिंधुदुर्गातल्या वनखटल्यांच्या केंद्रस्थानी आजवर कुऱ्हाड आणि खाण राहिली. जगात इतरत्र मात्र जंगलातल्या तणनाशक फवारणीवर पन्नास वर्षांपासून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. त्यातल्या काही लोकांनी जिंकल्या, काही हरल्या. त्या का जिंकल्या, का हरल्या आणि आपल्याकडच्या कायद्यांत त्यातलं काय बसतं, याचा हा आढावा.

ओरेगॉन ते कोलंबिया

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगॉन राज्यात व्यापारी सूचिपर्णी जंगलं आहेत. जुनं जंगल तोडून नवी रोपं लावायची आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारी झुडपं हेलिकॉप्टरमधून तणनाशक फवारून मारायची, अशी तिथली पद्धत. त्यासाठी वापरलं जाणारं २,४,५-टी हे व्हिएतनाम युद्धातल्या ‘एजंट ऑरेंज’चा एक घटक होतं आणि त्याच्या उत्पादनात डायॉक्सिनची भेसळ राहून जात असे. १९७७ मध्ये स्थानिक रहिवाशांच्या संघटनेने संघराज्याच्या न्यायालयात जाऊन सायुस्लॉ राष्ट्रीय वनातली ही फवारणी थांबवली. औषधाने कोणाला काय झालं हे सिद्ध करण्यावर हा विजय उभा नव्हता. वन खात्याचा पर्यावरणीय परिणाम अहवाल अपुरा होता, एवढंच न्यायालयाने धरलं.

पुढच्याच वर्षी आल्सी भागातल्या बॉनी हिल या शिक्षिकेने आपल्या परिसरातल्या गर्भपातांची नोंद गोळा करून अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला पत्र लिहिलं. १९७९ मध्ये त्या संस्थेने जंगलातला २,४,५-टीचा वापर तातडीने स्थगित केला. ज्या अभ्यासाच्या आधारावर ती स्थगिती आली, त्याच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांनी नंतर जोरदार टीका केली. म्हणजे आरोग्याचा पुरावा वादातच अडकला. प्रक्रियेचा मुद्दा मात्र टिकला. १९८४ मध्ये न्यायालयांनी वायव्येकडच्या संघराज्य वनांत तणनाशकं बंद ठेवायला लावली आणि नवा परिणाम अहवाल तयार व्हायला चार वर्षं लागली. तेवढ्या काळात हाताने झुडपं काढण्याच्या पद्धतींचा खात्याला गंभीरपणे विचार करावा लागला.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात याच काळात उलटं घडलं. तिथल्या जमीनमालकांनी, त्यात आदिवासी मिकमॅक समाजाचे लोकही होते, एका कागद कंपनीच्या जंगल फवारणीविरुद्ध मनाई मागितली. १९८३ मध्ये न्या. मर्लिन नन यांनी ती नाकारली. या फवारणीने आमच्या आरोग्याला धोका आहे हे संभाव्यतेच्या कसोटीवर वादींनीच सिद्ध करायचं होतं आणि ते त्यांना जमलं नाही. वर कंपनीच्या खर्चाचा बोजाही त्यांच्यावर पडला. त्यानंतर असा दावा करायला कोण धजावेल, हा प्रश्न तिथे बराच काळ विचारला गेला.

त्याच देशातल्या क्वेबेक प्रांताने २००१ पासून सार्वजनिक जंगलांत रासायनिक तणनाशकं बंद केली. ते कोर्टाच्या निकालाने झालं नाही. लोकांच्या दबावाखाली आखलेल्या वनधोरणाने झालं. ओरेगॉनच्या लिंकन काउंटीने २०१७ मध्ये मतदान घेऊन हवाई फवारणीवर बंदी घातली, ती दोन वर्षांत न्यायालयाने रद्द केली. कीटकनाशकांचं नियमन हा राज्याचा अधिकार, काउंटीचा नव्हे, असं कारण दिलं गेलं. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन लढायला निघालेल्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

कोलंबियात कोकाची झाडं मारण्यासाठी सरकार विमानातून ग्लायफोसेट फवारत होतं. शेजारच्या इक्वेडोरने सीमेवरून उडून येणाऱ्या औषधाबद्दल २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं. २०१३ मध्ये कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ग्लायफोसेटला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि कोलंबियाने हवाई फवारणी थांबवली. अनेक देशांच्या नियामक संस्थांना हे वर्गीकरण मान्य नाही. तरीही २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, धोक्याबद्दल शंका असताना सावधगिरी आधी, असं म्हणत फवारणी पुन्हा सुरू करण्यावर कडक अटी लादल्या.

‘या औषधाने मला आजार झाला’ हे सिद्ध करायला निघालेला वादी बहुतेकदा हरतो. ‘फवारण्याआधी करायची चौकशी तुम्ही केली नाही’ असं म्हणणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतं.

कासरगोड आणि यवतमाळ

भारतातला सर्वांत मोठा फवारणी खटला कोकणासारख्याच भूमीत घडला. पीकही आपलंच, काजू. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात तिथल्या सरकारी प्लँटेशन कॉर्पोरेशनने सत्तरच्या दशकापासून २००० सालापर्यंत काजूच्या डोंगरांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं. ते कीटकनाशक, तणनाशक नव्हे. पण डोंगरावर फवारलेलं औषध ओढ्यातून, विहिरीतून खालच्या वाडीपर्यंत कसं येतं, ते कासरगोडने देशाला शिकवलं. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातल्या कर्मचारी महिलेने स्थानिक दिवाणी न्यायालयात दावा लावला, तिथून हवाई फवारणी थांबण्याची सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर अंतरिम बंदी घातली ती १३ मे २०११ रोजी. बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश यायला २०१७ साल उजाडलं. पुरावा जमेपर्यंत एक पिढी गेली.

महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात यवतमाळच्या कपाशीत फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही औषधांच्या विक्रीवर विदर्भातल्या जिल्ह्यांपुरती तात्पुरती बंदी आली. बाधित कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला जाऊन उत्पादक कंपनीविरुद्ध दाद मागितली. हेही कीटकनाशकांचं प्रकरण. तिथे निदान माणूस कोसळताना दिसत होता. तणनाशकाचा घाव सोसतं ते रान, आणि त्याच्या नावाने रुग्णालयात कागद निघत नाही.

बाटलीचा कायदा

तणनाशकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. कुठलं औषध कुठल्या पिकावर, किती मात्रेत मारायचं, हे नोंदणीच्या वेळी ठरतं आणि लेबलवर छापलं जातं. ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि ‘बिगर-पीक क्षेत्र’ एवढ्यासाठीच आहे. काजू, आंबा, रबर, अननस यांतलं एकही नाव त्यात नाही. बागेतला वापर अशा रीतीने लेबलबाहेरचा ठरतो. पण ‘बिगर-पीक क्षेत्र’ म्हणजे काय? रेल्वेचे रूळ, रस्त्याच्या कडा, पडीक जमीन हे त्यात आलं. पीक नसलेलं रानही त्यात येतं का? लेबल शेतीच्या नजरेने लिहिलेलं असल्यामुळे जंगल त्याला पीक नसलेली जागा दिसते.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने आणखी एक अट घातली. ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं, इतर कोणी नाही. माणसाच्या आणि जनावराच्या आरोग्याचा धोका हे कारण अधिसूचनेतच दिलेलं आहे. म्हणजे पाठीवर पंप घेऊन स्वतःच्या बागेत ग्लायफोसेट मारणारा बागायतदार या अटीत बसत नाही आणि त्याला तसं कोणी सांगत नाही. कागदावर कडक आणि बांधावर निष्क्रिय अशी ही तरतूद आहे.

राज्य सरकारचे हात इथे आखूड आहेत. कायद्याच्या २७ व्या कलमाखाली एखाद्या औषधावर साठ दिवसांची बंदी घालता येते, ती आणखी तीस दिवसांनी वाढवता येते, पण कायमची बंदी केंद्राकडेच. केरळ, पंजाब यांनी परवाने आणि आदेशांच्या वाटेने ग्लायफोसेट रोखायचा प्रयत्न केला तो याच मर्यादेत.

दुसरी अडचण न्यायमंचाची. पुण्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ आहे. पण न्यायाधिकरणाच्या अधिकारकक्षेतल्या कायद्यांच्या यादीत पाणी, हवा, पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता हे कायदे आहेत, कीटकनाशक कायदा नाही. भारतीय वन अधिनियम आणि वन्यजीव कायदाही नाहीत. तक्रार ‘औषध मारलं’ अशी लिहिली तर दार बंद होऊ शकतं, ‘ओढा दूषित झाला’ किंवा ‘वनजमिनीचा वापर बदलला’ अशी लिहिली तर उघडतं.

रानाचा कायदा

वनकायद्यांत शोधलं तर फवाऱ्यापुरती सामग्री बरीच सापडते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या संज्ञेत ताड-माड, खुंट आणि झुडपंसुद्धा येतात. राखीव वनात झाड तोडणं, त्याची साल काढणं, ते जाळणं याबरोबरच ‘अन्य प्रकारे इजा करणं’ हाही २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे राखीव वनात झुडूप औषधाने जाळणं कायद्याच्या शब्दांत सरळ बसतं. दोडामार्गच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकाचा १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा तर आणखी स्पष्ट बोलतो. त्यात झाडाला विषारी द्रव्य लावणं म्हणजेच झाड तोडणं.

वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३२ वं कलम फारसं चर्चेत येत नाही. अभयारण्यात वन्यजीवांना इजा पोहोचवू शकतील अशी रसायनं वापरायला ते मनाई करतं. आणि या कायद्यात ‘वन्यजीव’ म्हणजे केवळ प्राणी नव्हे, अधिवासाचा भाग असलेली जमिनीवरची आणि पाण्यातली वनस्पतीही. वनस्पती मारण्यासाठीच बनवलेलं रसायन या व्याख्येतून निसटणं अवघड. हेच कलम संवर्धन राखीव क्षेत्रांनाही लागू होतं. २०२० मध्ये जाहीर झालेलं, २९.५३ चौरस किलोमीटरचं तिलारी संवर्धन राखीव त्यात येतं, आणि १९८७ पासूनचं मालवण सागरी अभयारण्यही.

पण ही सगळी कलमं हद्दीच्या आतली. सिंधुदुर्गातलं जंगल मोठ्या प्रमाणात खाजगी मालकीचं आहे आणि बागा त्यातूनच वाढतात. या जमिनीसाठी आधार आहे तो १९८० च्या वनसंवर्धन कायद्याचा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाचा. जमीन कोणाच्याही मालकीची असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते कायद्यानेही जंगल, असं तो आदेश सांगतो. आणि १९८० च्या कायद्यात रबर, मसाल्याची पिकं, फळबागा यांच्यासाठी वनजमीन फोडणं किंवा साफ करणं म्हणजे वनेतर वापर, त्याला केंद्राची पूर्वपरवानगी हवी. साफ करायला कुऱ्हाडच लागते, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

२०२३ च्या दुरुस्तीने या आधाराला धक्का बसला. सरकारी दफ्तरात जंगल म्हणून नोंद नसलेल्या जमिनी कक्षेबाहेर जातील, अशी तिची रचना आहे. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने तूर्त गोदावर्मनची व्याख्याच पाळायला सांगितली. सिंधुदुर्गातल्या खाजगी जंगलाचं भवितव्य त्या प्रकरणाला बांधलेलं आहे.

गाडगीळ अहवालातली हरवलेली ओळ

तणनाशकाचा प्रश्न सह्याद्रीच्या धोरणचर्चेत कधी आलाच नाही, असं नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात रासायनिक कीटकनाशकं आणि तणनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली होती. सर्वांत संवेदनशील विभागात पाच वर्षांत, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात दहा. शेतकऱ्याला सेंद्रिय पद्धतीकडे वळायला मदत करण्याची शिफारसही सोबत होती.

अहवालावर वादळ उठलं, कस्तुरीरंगन गट नेमला गेला आणि २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे येत राहिले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचवलं आहे. बंदीची यादी खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल गटातले उद्योग, मोठी बांधकामं अशी आहे. पाच-आठ-दहा वर्षांची ती ओळ त्यात नाही. मसुदा खाणवाल्याला अडवतो, पण उताराचं रान पंपाने मारणाऱ्याला काही विचारत नाही.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा खटला या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. राधानगरी आणि कर्नाटकातलं भीमगड यांना जोडणारा हा वन्यजीवांचा मार्ग. ‘आवाज फाउंडेशन’ आणि ‘वनशक्ती’ या संस्थांनी त्याच्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. २२ मार्च २०२४ रोजी न्या. नितीन जामदार आणि न्या. एम. एम. साठये यांच्या खंडपीठाने या पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया मुदतीत पूर्ण करायला सांगितलं. तोडीवर लक्ष ठेवायला कृती दलही नेमायला लावलं. निकाल महत्त्वाचा आहे. पण कृती दल जे मोजणार ते तोडलेलं झाड. याच पट्ट्यात २००२ पासून वावरणारे हत्ती, बांबर्डे-हेवाळ्याचं जायफळवर्गीय झाडांचं दलदलीतलं दुर्मीळ जंगल, यांचं जगणं झाडाइतकंच झाडाखालच्या रानावर अवलंबून आहे.

औषध जमिनीत पडल्यावर काय होतं, याचीही नोंद हवी. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर असलेल्या मातीला ग्लायफोसेट घट्ट चिकटतं, जांभ्याची माती तशीच. म्हणून ते तिथेच राहतं असा दिलासा दिला जातो. पण आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, आंबोलीत त्याच्या दुप्पट. मातीच गेली की तिला चिकटलेलं औषधही जातं. कणकवलीकडून गड नदी, कुडाळकडून कर्ली नदी मालवणच्या खाड्यांत उतरते, तिथे कालवं आणि तिसऱ्या काढल्या जातात. शिवाय ग्लायफोसेटच्या अनेक तयार औषधांत पानाला चिकटण्यासाठी मिसळलेली साबणासारखी द्रव्यं बेडकांच्या पिल्लांना मूळ औषधापेक्षा घातक ठरल्याचे प्रयोग झालेले आहेत. जगात फक्त आंबोली परिसरात सापडणारा, २००९ मध्ये शास्त्राला कळलेला भेक पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. त्या डबक्याभोवतीचा फवारा कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

बागायतदाराची बाजू

या खटल्यात दुसरी बाजू न ऐकता निकाल देणं सोपं आहे. काजूची बेणणी हाताने करायला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी बियांच्या दरात परवडत नाही. गावातली तरुण माणसं मुंबई-गोव्याला. पावसाळ्यात माजलेली रानमोडी डोंगरभर पसरलेली, आणि वेळेत साफ केली नाही तर उन्हाळ्यात वणव्याची भीती. एका पंपात एका दिवसाचं काम उरकतं. विदर्भात तर तणनाशकाला दाद न देणाऱ्या, परवानगी नसलेल्या कपाशीच्या बाजूने २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने जाहीर कायदेभंग केला. त्यामागेही निंदणीच्या मजुरीचं हेच गणित होतं.

म्हणून सात-आठ एकरांच्या घरच्या बागेत औषध मारणारा आणि शेकडो एकर डोंगर विकत घेऊन तो मुळासकट सोलणारा, या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल. वनकायद्याच्या दृष्टीनेही ती दोन वेगळी कृत्यं आहेत. पहिल्यात लेबलचा भंग आहे, आणि त्यावर उपाय ग्रासकटरला अनुदान, सामुदायिक बेणणी, सुरक्षित पर्याय असा आहे. दुसऱ्यात जंगलाचा वनेतर वापर आहे, आणि त्यावर उपाय न्यायालय आहे.

याचिका कशी लिहावी

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं पीठ कोल्हापुरात बसतं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च ज्यांना अडवत होता, त्यांना आता घाट चढला की न्यायालय आहे. तिथे फवारणीचा प्रश्न न्यायचा तर तो कसा न्यावा?

आजाराच्या पुराव्यावर तो उभा करू नये. नोव्हा स्कोशियात लोक तिथेच हरले आणि कासरगोडला त्यासाठी एका पिढीची किंमत मोजावी लागली. त्याऐवजी तीन साधे प्रश्न विचारावेत. मारलेलं औषध त्या जागेसाठी नोंदलेलं होतं का? मारणाऱ्याकडे २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे परवाना होता का? आणि ती जमीन गोदावर्मनच्या अर्थाने जंगल असेल, तर ती साफ करायला केंद्राची परवानगी होती का? तिन्हींची उत्तरं कागदावर सापडतात. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वर्षानुवर्षांचे आरोग्य अहवाल लागत नाहीत. विक्रेत्याची नोंदवही, तलाठ्याचा सातबारा आणि जुन्या-नव्या उपग्रहचित्रांवर काम भागतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात सावधगिरीचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानलं, आणि आपली कृती निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ती करणाऱ्यावर टाकली. नोव्हा स्कोशियाच्या वादींना जे मिळालं नाही, ते इथे तीस वर्षांपासून उपलब्ध आहे. कृती दलाच्या कामात ‘तोड’ या शब्दाबरोबर ‘रसायनाने रान मारणं’ हे तीन शब्द घालून घेण्याची मागणी त्याच आधारावर करता येते, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. गाडगीळ गटाने दिलेली पाच वर्षांची मुदत २०१६ मध्येच संपली असती. निदान २५ गावांपुरती ती मुदत न्यायालयाकडून पुन्हा मागून घेतली, तर लहान बागायतदाराला पर्याय देण्याची जबाबदारीही सरकारला त्याच आदेशात लिहून द्यावी लागेल. हे दोन्ही एकत्र मागितलं नाही, तर फवारा बंद होणार नाही आणि बंद झालाच तर त्याचा भुर्दंड चुकीच्या माणसाला बसेल.